जडाचें आकुंचन-प्रसरण

उन्हाळ्यांत घरोघरीं सब्जाचें बीं भिजत घालतात. पाण्यांत पडण्यापूर्वीं तें काळें, कोरडें आणि मोहरीहून लहान असतें. थोड्याच वेळांत त्याच्याभोंवतीं पारदर्शक व बुळबुळीत असें एक वेष्टण चढतें आणि बीं मूळच्या आकाराच्या कितीतरी पट मोठें दिसूं लागतें. अळिवाच्या बाबतींतहि हेंच घडतें. नित्याच्या परिचयामुळें या गोष्टीचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु वाटी तिरकी करून पाहणारास एक प्रश्न सुचण्यासारखा आहे. बियांनीं प्यालेलें पाणी गेलें कोठें? तें वाहत नाहीं, ठिबकत नाहीं, बीं फडक्यावर टाकलें तरी सुटत नाहीं. पातळ म्हणावें तर त्याला आकार आहे, आणि घन म्हणावें तर त्यांतला बहुतेक भाग निव्वळ पाणीच आहे.

या जातीच्या पदार्थांस शास्त्रीय परिभाषेंत हायड्रोजेल असें नांव आहे. त्यांची घडण एकदां ध्यानांत आली म्हणजे पुढील इतिहास समजण्यास अडचण पडणार नाहीं. हजारों लहान रेणु एकापुढें एक जोडले जाऊन जी लांबलचक सांखळी होते तिला पॉलिमर म्हणतात. अशा असंख्य सांखळ्या ठिकठिकाणीं एकमेकींस गांठी मारून बांधल्या म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखें, पण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही अंगांनीं पसरलेलें एक जाळें तयार होतें. सांखळ्यांस पाण्याची ओढ असेल तर पाणी आंत शिरतें व जाळें फुगतें. गांठी मात्र सांखळ्यांस विरघळून जाऊं देत नाहींत. पाणी जाळ्यास ताणतें, ताणलेल्या सांखळ्या त्याला आंत खेंचतात, आणि सांखळ्यांवर विद्युद्भार असेल तर त्यामुळें फुगवटा आणखीच वाढतो. या ओढाताणींत जेथें समतोल साधतो तेथें जाळें स्थिर राहतें.

आतां ज्या गोष्टींवर ही ओढाताण अवलंबून आहे त्यांतील एक जरी किंचित् बदलली, म्हणजे पाणी थोडें आंबट झालें, थोडें तापलें, किंवा त्यांत मीठ मिसळलें, तर समतोल ढळतो आणि जाळें फुगतें किंवा आक्रसतें. बाहेरील बदलास अशा रीतीनें उत्तर देणारें जड द्रव्य सजीवासारखें भासतें. शास्त्रज्ञांस त्याची भुरळ पडली ती यामुळेंच. मात्र त्यांनीं त्यापासून जें मागितलें आणि त्यानें प्रत्यक्षांत जें दिलें यांत मोठें अंतर पडलें. त्या अंतराचीच ही हकीकत आहे.

आरंभ झाला तो स्नायूच्या स्वप्नानें. स्वित्झर्लंडांतील बाझल येथें वेर्नर कून आणि इस्राएलांतील रेहोवोत येथें आहारोन काचाल्स्की हे दोघे लांब सांखळ्यांच्या रसायनशास्त्राचे अभ्यासक. १९४९ आणि १९५० या दोन वर्षांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आम्लधर्मी पॉलिमरांच्या जाळ्यांसंबंधीं निबंध प्रसिद्ध केले. अशा जाळ्याचा तंतु अल्कलींत बुडविला कीं त्यावरील आम्लगटांवर विद्युद्भार येतो, सारखे भार एकमेकांस दूर लोटतात आणि तंतु लांबतो. आम्ल घातलें कीं भार नाहींसा होऊन तंतु आखडतो. खालीं वजन टांगलेलें असेल तर आखडतांना तें वर उचललें जातें. यांत भट्टी नाहीं, वाफ नाहीं, दट्ट्या नाहीं. रासायनिक शक्तीचें थेट यांत्रिक कार्यांत रूपांतर होतें. ओझें ओढणाऱ्या बैलाच्या खांद्यांतला स्नायु हेंच करीत असतो. तेव्हां कृत्रिम स्नायु आतां फार दूर नाहीं असें वाटणें स्वाभाविक होतें.

अडचण आली ती पाण्याची. जाळें आखडावयाचें म्हणजे त्यांतील पाणी बाहेर पडावयास हवें, आणि तें दाट जाळ्यांतून वाट काढीत सावकाश पडतें. तंतु बारीक ठेवावा तर तो वजन पेलीत नाहीं. जाड करावा तर आखडण्यास फार वेळ लागतो. १९६६ सालीं काचाल्स्की व त्यांचे सहकारी यांनीं कातडी व स्नायुबंध यांत आढळणाऱ्या कोलॅजेनाच्या तंतूवर चालणारें एक यंत्रहि करून दाखविलें. चाकांवरून फिरणारा तो तंतु लिथियम ब्रोमाइडाच्या तीव्र द्रावणांत आखडे, पाण्यांत लांबे, आणि चाकें फिरत राहत. यंत्र फिरलें, परंतु उद्योगधंद्यांत त्याला जागा मिळाली नाहीं. कून १९६३ सालींच निवर्तले होते. काचाल्स्की हे ३० मे १९७२ रोजीं लोद येथील विमानतळावर झालेल्या हत्याकांडांत बळी पडले.

स्नायूच्या मागें लागलेल्यांस चंचल जाळें हवें होतें. त्याच सुमारास चेकोस्लोव्हाकियांतील एका रसायनशास्त्रज्ञास अगदीं उलट स्वभावाचें, म्हणजे शांत जाळें हवें झालें, आणि यश प्रथम आलें तें त्याच्या हाताला.

ओटो विख्टर्ले यांचा जन्म १९१३ सालीं मोराव्हिया प्रांतांतील प्रोस्तेयोव या गांवीं झाला. वडील शेतीचीं यंत्रें तयार करणाऱ्या कारखान्याचे एक भागीदार. मुलगा मात्र प्राग येथें रसायनशास्त्राकडे वळला. १९३९ च्या नोव्हेंबरांत जर्मनांनीं चेक विद्यापीठें बंद केलीं तेव्हां त्यांना झ्लीन येथील बाटा कारखान्याच्या संशोधनशाळेंत आसरा मिळाला. ज्या कारखान्याचें नांव आपल्याकडे पादत्राणांमुळें पोराटोरांच्या तोंडीं आहे तोच हा. तेथें त्यांनीं नायलॉनाच्या जातीचा एक धागा शोधून काढला. त्यास पुढें सिलोन असें नांव मिळालें. १९४२ सालीं गेस्टापोनें त्यांना पकडलें व कांहीं महिने तुरुंगांत ठेवलें. युद्ध संपल्यावर ते प्रागला परतले आणि अध्यापन करूं लागले.

१९५२ सालीं ओलोमोउत्स येथून प्रागला जाणाऱ्या आगगाडींत त्यांच्या डब्यांतला एक प्रवासी नेत्रवैद्यकाचें नियतकालिक वाचीत बसला होता. त्यांत डोळ्याच्या ठिकाणीं बसवावयाच्या धातूच्या भागांसंबंधीं मजकूर होता. विख्टर्ले यांची नजर त्यावर गेली. शरीरांत धातु कशाला, शरीरासारखेंच पाणी धरणारें एखादें प्लॅस्टिक कां नको, असा विषय त्यांनीं काढला. तो प्रवासी आरोग्यखात्यांतला अधिकारी निघाला. गाडी प्रागला पोंचेपर्यंत बोलणें पुष्कळच पुढें गेलें होतें.

प्रयोगशाळेंत परतल्यावर विख्टर्ले व त्यांचे तरुण सहकारी द्राहोस्लाव लीम यांनीं शोध सुरू केला. पदार्थ पारदर्शक हवा, मऊ हवा, त्यानें पाणी धरावें, क्षार व इतर विरघळलेलीं द्रव्यें त्यांतून आरपार जावीत, आणि त्यांतून शरीरास अपायकारक असें कांहीं झिरपूं नये, इतक्या अटी होत्या. हायड्रॉक्सिएथिल मेथाक्रिलेट या द्रव्याच्या सांखळ्यांचें जाळें या अटींस उतरलें. सुकें असतां तें कांचेसारखें कठीण; पाण्यांत ठेवलें कीं सुमारें चाळीस टक्के पाणी धरून मऊ व लवचिक होई. त्याच्या सांखळ्यांवर विद्युद्भार नसल्यामुळें पाणी किंचित् आंबट वा खारट झालें तरी तें फारसें फुगत किंवा आक्रसत नसे. कून यांनीं ज्या जाळ्याकडे ढुंकूनहि पाहिलें नसतें असें हें जाळें. पण डोळ्यांतील अश्रूंचा खारटपणा घटकेघटकेस बदलतो, आणि तेथें बसावयाचें तें भिंग प्रत्येक बदलास उत्तर देऊं लागलें तर दिसावयाचें तरी काय? विख्टर्ले यांनीं जाळ्याचा प्रतिसाद वापरला तो एकदांच, सुक्याचें ओलें करतांना. आणि तेथेंच तो थांबविला. या दोघांचा निबंध १९६० सालीं ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकांत छापला गेला.

तोंवर डोळ्यांत बसवावयाच्या लेन्सेस होत्या त्या प्रथम कांचेच्या व नंतर कठीण ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या. पुष्कळांस त्या सोसवत नसत. मऊ लेन्सची कल्पना म्हणून मोलाची होती; परंतु तिची घडण कांहीं केल्या साधेना. बंद साच्यांत ओतलेली लेन्स बाहेर काढतांना कडेला फाटे, आणि फाटलेली कड डोळ्यास बोंचे. इकडे राजकारणाचा फेरा आला. १९५८ सालीं विख्टर्ले यांना राजकीय कारणांवरून रसायनतंत्र विद्यालयांतून काढून टाकण्यांत आलें. सुदैवानें विज्ञान अकादमीनें प्रागच्या पेट्रझिनी भागांत उभारलेल्या महारेणु-रसायन संस्थेची सूत्रें त्यांच्याकडे आलीं. पण लेन्सच्या कामावर सरकारचा विश्वास राहिला नव्हता. आरोग्यखात्यानें तें बंद करविलें.

१९६१ च्या नाताळांत विख्टर्ले यांनीं घरच्या टेबलावर एक यंत्र जुळविलें. मुलांच्या खेळण्यांत मेर्कुर नांवाचा एक संच होता: भोंकें पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, स्क्रू, लहान चाकें. आपल्याकडे मेकॅनो म्हणून जें खेळणें माहीत आहे त्याच जातीचा. त्याचा सांगाडा झाला. फिरविण्यास मुलाच्या सायकलचा डायनामो आणि त्यास वीज पुरविण्यास दारावरच्या घंटेचा ट्रान्स्फॉर्मर. कल्पना अशी कीं, साचा बंद न ठेवतां उघडा ठेवावयाचा, त्यांत थेंबभर द्रव घालावयाचा आणि तो गरगर फिरवीत असतांनाच घट्ट होऊं द्यावयाचा. फिरतांना द्रव कांठाकडे चढतो व मध्यें खळगा पडतो. लेन्सची बाहेरील बाजू साच्याच्या वळणाची होते, आंतील बाजू फिरण्याच्या वेगावर ठरते, आणि कड आपोआप गुळगुळीत उतरते. वेग बदलला म्हणजे आंतील वळण बदले. म्हणजेच चष्म्याचा नंबर बदलतां येई. पहिल्या खेपेस चार लेन्सेस निघाल्या. त्या त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिल्या.

पुढील काम एखाद्या घरगुती उद्योगाप्रमाणें चाललें. मेर्कुरचींच आणखी मोठीं यंत्रें झालीं, आणि १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत विख्टर्ले व त्यांच्या पत्नी लिंडा, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, यांनीं मिळून ५,५०० लेन्सेस तयार केल्या. ज्या सरकारनें काम बंद करविलें होतें त्याचा अधिकार पेटंटावर मात्र होता. १९६५ सालीं अमेरिकेंतील एका कंपनीनें ते हक्क घेतले. तिच्याकडून पुढल्या वर्षीं ते बॉश अँड लॉम या प्रसिद्ध भिंगवाल्यांकडे गेले. अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्यानें या मऊ लेन्सला औषधाच्या वर्गांत घालून तिची परीक्षा केली आणि १९७१ च्या मार्चमध्यें तिला परवानगी दिली. त्यानंतर जगांत कोट्यवधि लोकांनीं या लेन्सेस वापरल्या. त्या प्रचंड व्यापारांतून संशोधकाच्या हातीं जें पडलें तें नगण्यच म्हणावें लागेल.

विख्टर्ले यांच्या संस्थेंत लेन्सखेरीज दुसरेंहि एक बीं पडलें होतें, आणि तें पुष्कळ वर्षें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. तेथील कारेल दूशेक यांनीं पॅटर्सन या शास्त्रज्ञासमवेत १९६८ सालीं एक निबंध लिहिला. त्यांतील प्रतिपादन गणिती होतें, पण त्याचा आशय साधा आहे. पाणी तापवीत नेलें असतां तें हळूहळू वाफ होत नाहीं. ठराविक उष्णमानास एकदम उकळतें. त्याचप्रमाणें फुगलेलें जाळेंहि योग्य परिस्थितींत हळूहळू न आक्रसतां एकदम कोसळलें पाहिजे, असें दूशेक व पॅटर्सन यांचें गणित सांगत होतें. प्रत्यक्षांत असें कोसळतांना कोणी पाहिलें नव्हतें.

तें वर्षहि असें होतें कीं प्रागमध्यें गणिताकडे लक्ष देण्यास फारशी सवड नव्हती. जूनमध्यें ‘दोन हजार शब्द’ या नांवाचें सुधारणावादी पत्रक निघालें; त्यावर विख्टर्ले यांची सही होती. ऑगस्टांत वॉर्सा कराराच्या फौजा शहरांत शिरल्या. १९७० सालीं विख्टर्ले यांचें संस्थेचें संचालकपद काढून घेण्यांत आलें. ज्यांनीं ती संस्था उभी केली त्यांस तिच्यांत दुय्यम होऊन राहावें लागलें. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, १९९० सालीं, ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांचें वय शहात्तर होतें. ऑगस्ट १९९८ मध्यें ते वारले.

दूशेक यांच्या गणिताचा प्रत्यय आला तो अमेरिकेंत, आणि तोहि एका जपानी पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाच्या हातून. तोयोइची तानाका यांचा जन्म १९४६ सालीं नागाओका येथें झाला. तोकियो विद्यापीठांत शिक्षण घेऊन ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत गेले. तेथें ते पॉलिअॅक्रिलअमाइड या पदार्थाच्या जेलींतून लेसरचा किरण पाठवून ती कसा प्रकाश विखुरते तें पाहत असत. प्रथिनें निरनिराळीं करण्यासाठीं जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत रोज वापरली जाणारी ही अत्यंत सामान्य जेली. ती थंड करीत नेली असतां विखुरलेला प्रकाश वाढूं लागला, आणि जाळ्याचीं अंतर्गत स्पंदनें मंदावूं लागलीं. एखादा द्रव आपली अवस्था बदलण्याच्या बेतांत असतो तेव्हां अशींच चिन्हें दिसतात. तानाका व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं हें प्रसिद्ध केलें.

जेलीला दोन अवस्था असतील तर एकींतून दुसरींत उडी मारतांना ती पकडली पाहिजे, असें ठरवून तानाका यांनीं तिचे तुकडे पाणी व ॲसिटोन यांच्या मिश्रणांत ठेवले. ॲसिटोनाचें प्रमाण वाढवीत नेलें तसतसे ताजे तुकडे आक्रसत गेले. पण सावकाश, पायरीपायरीनें. उडी कांहीं दिसेना. जे तुकडे तयार होऊन बरेच दिवस लोटले होते त्यांची गोष्ट मात्र निराळी निघाली. ॲसिटोनाच्या एका ठराविक प्रमाणापर्यंत ते फुगलेले राहत, आणि त्यापुढें लेशमात्र वाढ होतांच आपलें बहुतेक सर्व पाणी टाकून कोसळत. आकारमान कित्येक पटींनीं घटे. प्रमाण पुन्हां कमी केलें कीं ते पुन्हां फुगत. शिळे नमुने फेंकून देण्याची शिस्त त्या प्रयोगशाळेंत कडक असती तर हा शोध निदान त्या वेळीं तरी लागला नसता.

ताज्या व शिळ्या जेलींत फरक कशाचा? जेली घट्ट करण्यासाठीं जीं द्रव्यें घालतात त्यांतील एक अल्कधर्मी असतें. त्याच्या सान्निध्यांत जेली दिवसेंदिवस पडून राहिली कीं सांखळीवरील कांहीं गटांचें आम्लगटांत रूपांतर होतें आणि त्यांच्यावर विद्युद्भार येतो. म्हणजे जेली जुनी होतां होतां आपणहून कून व काचाल्स्की यांच्या जातीची होत होती! १९७८ सालीं या कोसळण्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि १९८० सालीं जाणूनबुजून विद्युद्भार आणलेल्या जेलीवर प्रयोग करून तानाका यांनीं हा उलगडा पक्का केला. तेव्हां आकारमानांतील फरक शेंकडों पटींचा आढळला. १९८२ सालीं नुसत्या विजेच्या प्रभावानेंहि जेली कोसळते हें त्यांनीं दाखविलें.

साहजिकच कृत्रिम स्नायूची चर्चा पुन्हां सुरू झाली. पण तानाका यांनींच आपले सहकारी फिलमोर यांच्यासह १९७९ सालीं एक नियम मांडला होता, आणि एका परीनें तो या सर्व हकीकतीचा कणा आहे. जेली फुगण्यास किंवा आक्रसण्यास लागणारा वेळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. एखाद्या गोळ्यास पूर्ण फुगण्यास एक दिवस लागत असेल तर त्याच्या एकदशांश व्यासाच्या गोळीस सुमारें पाव तास पुरतो, आणि एकशतांश व्यासाच्या कणास नऊ सेकंदांहून कमी. कून यांच्या तंतूची अडचण कारागिरीची नव्हती, तर अशी निसर्गनियमाची होती. हात उचलील एवढा जाड स्नायु जेलीचा करूं जाणें म्हणजे एका मुठीस दिवस घालविणें. जेथें पदार्थ पातळ किंवा बारीक असूनहि चालेल तेथें मात्र हाच नियम साह्यकारी होतो. स्वप्न पाहणाऱ्यांनीं या बाजूकडे उशिरा लक्ष दिलें असें म्हणावें लागतें. तानाका यांस तें सर्व पाहावयास मिळालें नाहीं. मे २००० मध्यें टेनिस खेळत असतां, अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

बारीक कणांचा उपयोग आज ज्या घरांत तान्हें मूल आहे तेथें रोज होतो. बाळाच्या कागदी लंगोटांत सोडियम पॉलिअॅक्रिलेटाचा रवा घातलेला असतो. शुद्ध पाणी तो आपल्या वजनाच्या शेंकडों पट शोषतो. मूत्रांत क्षार असल्यामुळें त्याची मजल कांहीं दशकांच्या पटींवरच थांबते, तरी तेवढेंहि पुरतें. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें तयार केलेलें पुसा हायड्रोजेल हें मुळांजवळच्या मातींत मिसळावयाचें. तें पाणी धरून ठेवतें व माती सुकूं लागली कीं सोडतें. भाजलेल्या जखमेवर घालावयाच्या ओल्या पट्ट्या याच कुळांतल्या. रक्तांतील साखर वाढतांच फुगून आपल्या पोटांतलें इन्सुलिन बाहेर टाकणारीं जाळीं प्रयोगशाळांत करून दाखविण्यांत आलीं आहेत. मधुमेही माणसाच्या नित्याच्या वापरांत मात्र तीं आलेलीं नाहींत.

सर्वांत पातळ, आणि कदाचित् सर्वांत सुंदर, असा उपयोग जपानांत निघाला. पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलअमाइड असें लांबलचक नांव असलेला एक पॉलिमर आहे. साखर गरम पाण्यांत अधिक विरघळते. हा त्याच्या उलट. थंड पाण्यांत तो सुखानें विरघळतो आणि पाणी सुमारें बत्तीस अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें कीं पाण्याशीं फटकून वागतो. टोरोंटो विद्यापीठांतील हेस्किन्स व गिलेट यांनीं १९६८ सालीं, म्हणजे दूशेक यांच्याच वर्षीं, त्याचा हा स्वभाव तपशीलवार नोंदला होता. माणसाच्या शरीराचें उष्णमान सदतीस अंश, खोलीचें वीस-पंचवीस. दोहोंच्या मधोमध या पॉलिमराचा उंबरठा येतो.

तोकियो येथील तेरुओ ओकानो व त्यांचे सहकारी यांनीं या योगायोगाचा लाभ घेतला. शरीरांतील पेशी प्रयोगशाळेंत वाढविण्यासाठीं ज्या उथळ बशा वापरतात त्यांच्या तळाशीं त्यांनीं या पॉलिमराचा थर जोडला. तो इतका पातळ कीं मिलिमीटराचे एक लाख भाग केले तर त्यांतील दोनेक भागांएवढा. सदतीस अंशांवर हा थर कोरडेपणानें वागतो. पेशी त्यास चिकटतात, वाढतात, एकमेकींस बिलगतात आणि त्यांची अखंड चादर होते. पूर्वीं अशी चादर काढावयाची म्हणजे पाचक रसासारखें द्रव्य घालून पेशींचे धागे तोडावे लागत, आणि त्यांत चादरीच्या चिंध्या होत. आतां बशी नुसती थंड करावयाची. थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींची चादर जशीच्या तशी वर सुटून येते. थर इतका पातळ असल्यामुळें तानाका यांच्या नियमाची धास्ती येथें उरत नाहीं. १९९० सालापासून या कामाचे निबंध येऊं लागले.

आणि येथें ही हकीकत पुन्हां डोळ्यापाशीं येते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा ज्या पेशींच्या जोरावर स्वच्छ राहतो त्या रोगानें किंवा दाहक द्रव्यानें नाहींशा झाल्या म्हणजे पडद्यावर सारा येतो आणि दृष्टि जाते. दोन्ही डोळ्यांची ती दशा झालेल्या माणसास स्वतःच्या डोळ्यांतून नव्या पेशी घेण्याची सोय राहत नाहीं. ओसाका विद्यापीठांतील नेत्रवैद्यांनीं ओकानो यांच्या मंडळीबरोबर अशा चार रोग्यांवर उपचार केले व त्यांचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या तोंडाच्या आंतील अस्तरांतून तीन मिलिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद एवढाच तुकडा घेतला. त्यांतील पेशी या बशांत दोन आठवडे वाढविल्या. बशी थंड करतांच चादर सुटली. बुबुळावरील सारा काढून ती तेथें ठेवली. टांके घालावे लागले नाहींत, ती आपणच चिकटली. आठवड्याच्या आंत चारही डोळ्यांचा पृष्ठभाग नव्या पेशींनीं भरून निघाला. पडदा निवळला, चौघांचीहि दृष्टि सुधारली, आणि सरासरी चौदा महिन्यांच्या देखरेखींत तो पुन्हां गढूळ झाला नाहीं.